वारीची वाट, चौपदरी

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी दुतर्फा स्वतंत्र पायवाट आखली, हे चांगलेच. पण पंढरपूरला पोचणे आणि पंढरपूरला चालत जाणे एकच का?

वारीत चालणे हीच उपासना. मग रुंदीकरणात जाणारा वाटेवरचा वडही त्या उपासनेत येतो. दिंडी विसाव्याला थांबते, डोक्यावरची तुळशीवृंदावने खाली उतरतात, भाकरीची फडकी सुटतात, ती त्याच्याच सावलीत.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा यल्लम्मा देवळाजवळचा वड २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. लोक उभे राहिले आणि आखणी बदलली!

म्हणजे बदलता येते. नवी रोपे लावावीतच, पण जुने झाड तोडण्याआधी दिंडीवाल्यांना विचारायला हवे.