अंगणातील उंची आणि अंगणातील दोरी

अमेरिकेतील उपनगरांत, मग ती न्यू जर्सीतील असोत वा टेक्सासमधील, घराच्या मागील अंगणात झोपाळे, घसरगुंडी, चढण्याउतरण्याची शिडी आणि पुष्कळदा एक वर्तुळाकार ट्रॅम्पोलीन असा सरंजाम मांडलेला आढळतो; आणि नातवंडांच्या सहवासासाठी सहा-सहा महिने तेथे जाऊन राहणाऱ्या आपल्याकडील आजी-आजोबांच्या वाट्याला बहुधा त्या अंगणावर नजर ठेवण्याचे काम येते. ‘वर चढू नकोस, पडशील’ हा त्यांचा धोशा निखळ वात्सल्यातून उपजलेला असतो, हे निर्विवाद. परंतु ज्या ठिकाणी भय बाळगावयाचे तेथेच ते आपण बाळगतो आहोत की नाही, याची रुजवात घेणे हेही वात्सल्याचेच कर्तव्य आहे.

खेळाच्या साधनांवर दुखापत होऊन तातडीच्या उपचारांसाठी इस्पितळात आणलेल्या मुलांची संख्या त्या देशात दरसाल दोन लाखांवर जाते. हा आकडा ऐकून कोणाही पालकाचा थरकाप व्हावा. परंतु खरचटलेला गुडघा, मोडलेला हात आणि गेलेला जीव या तिन्ही रकमा एकाच रकान्यात मांडणारा जमाखर्च विश्वसनीय मानता येत नाही. तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने १९९० ते २००० या काळातील मृत्यूंची छाननी केली, तेव्हा खेळाच्या साधनांशी निगडित अशा १४७ बालमृत्यूंची नोंद सापडली. आणि त्यांतील ८२ मुले उंचावरून पडून नव्हे, तर गळ्याला फास बसून दगावली होती. पडून मृत्युमुखी पडलेली मुले ३१. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, जिवावर न बेतणाऱ्या दुखापतींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सार्वजनिक क्रीडांगणांवर होत असताना, मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मात्र घरच्या अंगणात घडले होते. ज्या जागेला आपण सर्वांत निर्धोक समजतो, तेथेच घात अधिक, असा याचा अर्थ.

हे कसे घडते, ते जवळून पाहिले पाहिजे. मुलांपैकीच कोणी तरी उड्या मारण्याची दोरी घसरगुंडीच्या माथ्यावर बांधते. दुसऱ्या कोणाच्या अंगरख्याच्या टोपीची नाडी पायरीच्या फटीत अडकते. शरीर खाली घसरते आणि दोरी वरच राहते. पडलेले मूल आक्रोश करते, त्यामुळे घरातले धावत येतात; फास बसलेल्या मुलाच्या तोंडून आवाजच फुटत नाही. शिडीच्या दोन आडव्या दांड्यांमधील अंतर साडेतीन इंचांहून अधिक आणि नऊ इंचांहून कमी असेल, तर पाय व धड त्यातून सरकून जातात आणि डोके अडकते, म्हणून सुरक्षेच्या निर्देशांत त्या मापाची फट वर्ज्य ठरविली आहे. सायकल चालविताना मस्तकाचे रक्षण करणारे हेल्मेट साधनांवर चढण्यापूर्वी उतरविण्याची ताकीद असते, तीही याच कारणास्तव: शरीर ज्या फटीतून जाते तीत हेल्मेट अडकते आणि हनुवटीखालचा पट्टा गळ्याचा फास होतो.

पडण्याच्या बाबतीतही आपली नजर चुकीच्या ठिकाणी, म्हणजे वर, खिळलेली असते. निर्णय लागतो तो खाली. हिरवळ डोळ्यांना मृदू दिसली, तरी तिच्याखालची तुडवलेली माती आघात शोषून घेत नाही. सात फुटांपर्यंतच्या साधनाखाली लाकडाच्या कपच्यांचा किमान नऊ इंचांचा थर, तोही चहूबाजूंनी सहा फुटांपर्यंत पसरलेला, असावा असा तेथील आयोगाचा सल्ला आहे. वाळूचा तितकाच थर पाच फुटांपर्यंतच पुरतो. घरोघर साधनावर सढळ हाताने खर्च होतो, पण या थराची तजवीज क्वचितच होते.

आणखी एक प्रकार असा, की ज्यात मोठ्यांचा सहभागच अपायाला कारण होतो. दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन आई किंवा आजोबा घसरगुंडीवरून खाली येतात. मुलाच्या बुटाचा तळ कडेला चिकटतो. मूल एकटे असते तर ते तेथेच थांबले असते किंवा पाय सुटला असता, पण मागून येणारे प्रौढाचे वजन थांबत नाही आणि नडगीचे कोवळे हाड पिळवटून मोडते. ट्रॅम्पोलीनची कथा याच जातीची. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने घरगुती ट्रॅम्पोलीनविरुद्धचे आपले मत २०१२ साली पुन्हा नोंदविले, तेव्हा असे दाखवून दिले की, सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेकजण उड्या मारीत असताना होतात, आणि जायबंदी होते ते बहुधा त्यांतले सर्वांत लहान मूल. भारदस्त शरीराने खाली दाबलेले कापड वर उसळत असताना लहानग्याचे पाय त्यावर आदळले, तर त्याला ते कापड जमिनीसारखेच कठीण लागते. मोठ्यांची देखरेख असतानाही एक-तृतीयांश ते निम्म्या दुखापती घडल्या, ही नोंद तर जवळ उभे राहणे म्हणजेच खबरदारी, ही आपली समजूत नामंजूर करणारी आहे.

या सर्वांतून मला एक भेद मूलभूत वाटतो. उंची मुलाला दिसते. तिसऱ्या पायरीवर ते थबकते, खाली पाहते, उतरते आणि दुसऱ्या दिवशी चौथी पायरी गाठते. नाडी, फट, कठीण भूमी आणि दुसऱ्याच्या वजनाचा हिसका या गोष्टी त्याला दिसत नाहीत, आणि त्यांच्यापासून शिकण्याची संधीही त्या देत नाहीत. १९४३ साली कोपनहेगननजीक एमड्रुप येथे सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून फळ्या, विटा व हत्यारे मुलांच्या स्वाधीन करणारे क्रीडांगण उभे राहिले, आणि युद्धोत्तर इंग्लंडात बालकल्याणाच्या पुरस्कर्त्या लेडी ॲलन यांनी तो विचार नेला, तो मुलांच्या या अंगभूत विवेकावरील विश्वासानेच. तो विश्वास मला सार्थ वाटतो. मोडलेला हात लहानसहान नव्हे, पण तो बहुधा जुळून येतो. चढण्याचे धैर्य मात्र बालपणी खच्ची झाले, तर ते पुढे मिळविणे दुष्कर. मुलाला चढू द्यावे, आणि जे त्याला दिसत नाही ते आपण आधी शोधून दूर करावे.

हा विषय केवळ परदेशस्थांचा नव्हे. घरात टांगलेल्या साडीच्या किंवा ओढणीच्या झोक्यात खेळता खेळता पीळ बसून मूल गेल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांतही वाचाव्या लागतात. तान्ह्याची झोळी ही उपयुक्त वस्तू आहे. पण धावत्या, गिरक्या घेणाऱ्या मुलांच्या घरात ती रिकामी लोंबत ठेवू नये. वाचकहो, हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी आपल्या घरातील अशी झोळी, गजाला गुंडाळलेली दोरी आणि पडद्याची लोंबती नाडी काढून वर बांधून टाका.