सरल्या खेळाची आठवण

होळी झाली की झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सरतो. भाऊबीजेपासून वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत, गावोगाव रात्री जागविणाऱ्या मंडळ्या वडशास परततात. हिशेब होतात, आणि नट आपापल्या शेतीवर किंवा मजुरीवर जातात. पुढल्या दिवाळीस मंडळी तीच आली तरी नाटक बहुधा नवे असते. मात्र जुन्या नाटकाचे दुसरे आयुष्य याच सुमारास सुरू होते. मोहफुले वेचताना, तेंदूपानांचे पुडे बांधताना, एस. टी.च्या थांब्यावर, लोक त्याविषयी बोलू लागतात. कोणी अमुक पदाची चाल गुणगुणतो, कोणी विनोदी नटाची चाल चालून दाखवितो. या बोलण्यात जो जिव्हाळा असतो तो पाहून आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. हे प्रेम नेमके कशावर असते? आणि त्या प्रेमाने कोणाचे काही देणे लागते की नाही?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. शहरातले नाटक बंद पडले तरी नाटकगृह उभे असते आणि पुस्तक छापलेले असते. ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्याची संहिता आजही कोणासही वाचता येते. झाडीपट्टीत तसे नाही. धान निघाल्यावर मोकळी जागा पाहून जमीन उतरती खणावयाची, तीत प्रेक्षकांची बैठक करावयाची, निघालेल्या मातीचा रंगमंच रचावयाचा आणि भोवती कनाती बांधावयाच्या, अशी येथील जुनी वहिवाट. खेळ रात्री दहाच्या सुमारास सुरू व्हावयाचा तो उजाडेपर्यंत. मग कनाती सुटतात, खड्डा बुजतो, आणि मृगाच्या पावसानंतर त्या जागी नाटक झाले होते हे परक्यास सांगूनही पटणार नाही. बहुतेक संहिता कधी छापल्याच जात नाहीत. तेव्हा ज्यांनी तो खेळ पाहिला त्यांची आठवण हेच त्याचे एकमेव पुस्तक. आणि जे एकमेव पुस्तक आहे ते खोटे निघाले तर हानी मोठी.

आणि ते पुष्कळदा खोटे असते, हे कबूल केले पाहिजे. रसिकाची आठवण वाढत जाते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव वारले. या एका रात्रीविषयी मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या बोलत आली. आपण त्या रात्री हजर होतो असे ज्यांनी ज्यांनी म्हणून सांगितले, ते सर्व खरोखर असते तर ते नाटकगृह ताडोबाच्या जंगलाएवढे असूनही अपुरे पडले असते! पण याला आम्ही निव्वळ असत्य म्हणणार नाही. आवाज पलीकडच्या गावापर्यंत जात होता, असे म्हातारा सांगतो तेव्हा तो अंतर मोजीत नसतो. तो आवाज आपल्या आत किती खोल गेला हे सांगण्यास त्याच्यापाशी दुसरे माप नसते. शिवाय तो एकटा बोलत नाही. दुसरा त्याचे पद दुरुस्त करतो, तिसरा सांगतो की त्या रात्री तबलजी बदली होता. चार जणांनी मिळून काढलेली आठवण एकट्याच्या आठवणीहून पुष्कळ विश्वसनीय असते.

याहून अवघड आक्षेप शास्त्रकारांचा आहे. रसास्वादात जी विघ्ने येतात त्यांत प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न अभिनवगुप्ताने गणले आहे. रस हा साधारणीकृत भाव. त्यात ‘माझे’ उरता कामा नये. आता झाडीपट्टीतला प्रेक्षक पाहा. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकी जुळतात. नाटकाची आठवण काढणारी बाई त्याच दमात सांगते की त्या साली धान चांगले झाले होते, धाकटी कडेवर होती, आणि एका घोंगडीत तिघी जणी बसल्या होत्या. टीकाकार म्हणेल, ही कलेची आठवण नव्हे, ही संसाराची. आम्हांस मात्र वाटते की शास्त्रकाराचे म्हणणे खेळाच्या वेळेपुरते खरे आहे. ‘एकच प्याला’तील सिंधूचे दुःख पाहताना आपले दुःख विसरले पाहिजे, हे ठीकच. पण खेळ संपल्यावर तो अनुभव राहावा कोठे? त्याला घर लागते, आणि माणसाच्या आयुष्यावाचून दुसरे घर त्याला मिळणार कोठून? ज्या ‘शाकुंतला’पासून १८८० साली किर्लोस्करांनी आपल्या संगीत रंगभूमीचा पाया घातला, त्यात राजालादेखील ओळख पटण्यासाठी एक अंगठी लागली. येथे घोंगडी लागते, इतकाच फरक.

‘एकच प्याला’चे नाव निघाले म्हणून सांगावेसे वाटते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरास वारले, आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. म्हणजे सिंधूला रंगमंचावर पाहण्याचे भाग्य तिच्या कर्त्यास लाभले नाही. ते पुढे कोठल्याशा खेड्यात, गावच्याच हौशी नटांनी केलेला प्रयोग पाहणाऱ्या निरक्षर शेतकऱ्यासही लाभले. लेखकापाशी जे नव्हते ते प्रेक्षकापाशी आहे. त्याने ते सांभाळले नाही तर ते कोठेच नाही.

तथापि सांभाळणे निराळे आणि कुरवाळणे निराळे, आणि आमची खरी तक्रार येथे आहे. आठवण फुकट असते. ज्या नटाच्या नावाने आपण उसासे टाकतो तो आषाढात कोणाच्या बांधीत रोवणीस जातो, याची चौकशी आठवण काढणाऱ्यांपैकी किती जण करतात? स्त्री-कलावंतांच्या बाबतीत तर हे प्रेम अधिकच संशयास्पद होते. जिच्या लावणीस रात्री दाद द्यावयाची, तिला दिवसा आपल्या ओसरीवर बसवून घेण्यास आपली मराठी घरे आजवर किती कचरत आली आहेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा घरात त्या लावणीची गोड आठवण निघते तेव्हा आम्हांस तीत गोडीपेक्षा अपहारच अधिक दिसतो. तिचा आनंद घेतला आणि तिला बाहेर ठेवले. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीस आपलाच सत्कार झाल्यासारखे वाटले, व ते योग्यच होते. पण पुरस्कार एकाच्या गळ्यात पडतो. ऑर्गन वाजविणारा, पडदा ओढणारा, खड्डा खणणारा यांस शासन ओळखत नाही. त्यांची ओळख फक्त पाहणाऱ्यांस होती, आणि त्यांनीही ती विसरावी हा अन्याय लहान नाही.

दुसरा अन्याय आज गाणाऱ्यांवर होतो. ‘तसे नाटक आता होत नाही’ हे वाक्य झाडीपट्टीत जितके ऐकू येते तितकेच ते पुण्यामुंबईतही येते. ते म्हणणारा गृहस्थ बहुधा मध्यरात्रीच उठून घरी गेलेला असतो! या रंगभूमीने थोडे सोसलेले नाही. ज्या शंकरपटाच्या दिवशी नाटक ठेवण्याची चाल, त्या बैलांच्या शर्यती २०१४ च्या न्यायालयीन निर्णयाने थांबल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात सशर्त पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात बैल नव्हते, पण नाटक होते. २०२० च्या महामारीने रंगमंचच बंद पाडले, त्यातूनही ते उठले. जे उठले ते जुन्याची प्रत नसणार, हे उघड आहे. आता प्रेक्षक भ्रमणध्वनीवर पदे टिपून ठेवतात. त्याने अतिशयोक्तीस थोडा आळा बसेल, आणि आमची त्यास हरकत नाही. त्या यंत्रात थंडी येत नाही, एवढेच.

एक गोष्ट मात्र करण्यासारखी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. प्रत्येक नाटकाची रंगीत जाहिरातपत्रके गावात लागतात, आणि त्यांवर नटनटींची, वादकांचीही नावे छापलेली असतात. ती भिंतींवर तशीच राहतात आणि पहिल्या पावसात गळून पडतात. गावच्या मंडळाने त्यांतील एकेक जरी मृगापूर्वी उतरवून, मागे खेळाची तारीख व ज्यांची नावे छापावयाची राहिली त्यांची नावे लिहून, शाळेच्या कपाटात ठेविले, तर पुढे वाद घालणाऱ्या म्हाताऱ्यांस निदान तबलजी कोण होता हे तरी पाहता येईल.