एक गव्हर्नर आणि वीतभर तार

कोण आपल्याला कुठल्या विषयातला तज्ज्ञ समजेल याचा काही नेम नसतो. माझं यंत्रज्ञान सायकलच्या उतरलेल्या चेनपलीकडे कधी गेलं नाही. ती चढवतानासुद्धा निम्मं वंगण मी शर्टाला देतो. तरी परवा रात्री साडेदहाला फ्लोरिडाहून भाच्याचा फोन. "मामा, तुमच्या बागेत पूर्वी पंपाचं इंजिन होतं ना? मग गव्हर्नर कसा ॲडजस्ट करतात ते सांग."

या चिरंजिवांनी पेट्रोलवर चालणारी एक जुनी गोल्फ कार्ट घेतली आहे. गोल्फ खेळायला नव्हे, त्यांच्या वसाहतीत भाजी आणायलाही तीच वापरतात. तक्रार एकच. पेडल पार तळाला टेकवलं तरी गाडी ताशी बारा-तेरा मैल, म्हणजे वीसेक किलोमीटर. "सायकलवरच्या आजीबाई मला मागं टाकतात रे!" इंजिनात दम आहे, पण गिअरपेटीपाशी बसलेला गव्हर्नर चाकांचा वेग ओळखतो आणि थ्रॉटल मागे ओढतो. त्याच्या स्प्रिंगचा नट जरा आवळला की गाडी पळते, असं शेजाऱ्यानं सांगितलेलं. कुठल्या बाजूला आणि किती, एवढंच मामानं सांगायचं होतं.

गव्हर्नर म्हटलं की इतरांच्या डोळ्यांपुढं राजभवन येतं. माझ्या डोळ्यांपुढं येते मालवणजवळची आमची बाग, 1978 चा मे महिना आणि वीतभर तांब्याची तार.

बागेत आधी रहाट होता. मग इंजिन आलं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. ते रॉकेल मिळवण्यात अर्धा दिवस जाई, आणि इंजिन सुरू करण्यात उरलेला. त्याची देखभाल करणारे मेस्त्री गावातलेच. बोलणं कमी, विडी जास्त. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असल्यामुळे मला सगळंच कळत होतं. तरी त्यांनी एकदा मला गव्हर्नर दाखवला. "तेका मात्र हात लावू नको. भार इलो की तो रॉकेल वाढयता, भार गेलो की कमी करता. शाणो असा."

व्यवस्था तशी साधी. दोन वजनं गरगर फिरतात, वेग वाढला की बाहेर फाकतात. त्यांना आत ओढायला एक स्प्रिंग. या दोघांच्या भांडणात थ्रॉटल किती उघडायचं ते ठरतं. जेम्स वॉटनं 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला असेच दोन गोळे लावले. पवनचक्कीवाले त्याच्याही आधीपासून वापरत होते. शब्द तर त्याहून जुना. लॅटिनमध्ये सुकाणू धरणाऱ्याला 'गुबर्नेटर' म्हणत, म्हणजे आमच्या भाषेत तांडेल! आता तांडेल होडी अडवायला थोडाच बसलेला असतो? पण मला तेव्हा गव्हर्नर म्हणजे कचेरीतला तो हेडक्लार्क वाटायचा, ज्याचं काम फक्त 'नाही' म्हणण्याचं. पाण्याचा भार पडल्यावर तोच इंजिनाला हात सैल करून रॉकेल देतो, हे मेस्त्रींचं अर्धं वाक्य मी सोयीस्करपणे ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मालवणात सिनेमा होता आणि पोफळींची शिंपणी अर्धी बाकी होती. मी शास्त्राचा विद्यार्थी. गव्हर्नरला बाजूला ठेवून थ्रॉटलचा खटका तांब्याच्या तारेनं उघडा बांधला. पंपाचा वेग सव्वापट केला तर पाणी सव्वापट येतं, पण शक्ती जवळजवळ दुप्पट लागते, हे आमच्या पुस्तकात बहुधा पुढच्या धड्यात असावं. पंधरा मिनिटं पाटाला पूर आला. मग बावीतलं पाणी खाली गेलं, फूटव्हॉल्व्हनं हवा ओढली आणि इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा झाला. गव्हर्नरनं बिचाऱ्यानं जिवाच्या आकांतानं थ्रॉटल ओढलं असणार. माझी तार मजबूत होती. इंजिनानं अशी किंकाळी फोडली की पोफळीवरची वानरं शेजारच्या गावात गेली. कनेक्टिंग रॉड मोडून पेटी फोडून बाहेर आला.

मेस्त्री आले. वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तार सोडवली, गुंडाळली आणि विडीच्या बंडलाबरोबर खिशात टाकली. बाबांनी विचारलं, "कशानं झालं?"

"चूक माजी, भाऊ. गेल्या म्हयन्यात खोललेला, तेवा बोल्ट सैल रवलो."

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. इंजिनाच्या खर्चापुढे माझी फी भरायची की नाही अशी चर्चा घरात होणार, हे मला ठाऊक होतं आणि मेस्त्रींनाही असावं. मी काही बोललो नाही. बाबांनी दुसरा मेस्त्री धरला. पाऊस येईपर्यंत ताईनं आणि मी कळशांनी बाग शिंपली, आणि दर कळशीमागे ताईनं मेस्त्रींचा उद्धार केला. मी माना डोलावल्या.

मी लाच कधी खाल्ली नाही, असं चारचौघांत अभिमानानं सांगतो. लाच द्यावी अशी फाईल माझ्या टेबलावर कधी आलीच नाही, हे सांगत नाही. बिनभाराचं इंजिन कुणाचंही छान चालतं. खाण्यापिण्यातला माझा संयम तर पाहण्यासारखा आहे. सोमवारी कडक उपास, बुधवारी त्याचा वचपा म्हणून कोंबडी आणि सात वडे, गुरुवारी पश्चात्तापाचं ताक. गव्हर्नर फार हळवा असला की इंजिनसुद्धा असंच हेलकावे खातं. त्यावर मॅक्सवेलसारख्या माणसानं 1868 मध्ये गणित मांडलं. त्यानं माझे वडे पाहिले नव्हते, एवढंच.

पण मेस्त्रींचं काय? ते खोटं बोलले, हे उघड आहे. गावात ज्याच्या हातावर पोट, त्यानं आपल्याच हाताला बट्टा लावून घेतला. भार आला तेव्हा त्यांनी पदरचं दिलं, मी मात्र गपकन बंद पडलो. बरीच वर्षं मी याला मोठेपणा म्हणत आलो. हल्ली वाटतं, त्या खोट्यानं माझं भलं झालंच असं नाही. माझ्यावर यायचा भार त्यांनी अचानक काढून घेतला, आणि तसं केल्यावर इंजिनाचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अर्थात हा तर्कही माझ्या सोयीचाच आहे. माझ्या गप्प बसण्याचा दोष पुन्हा मेस्त्रींच्याच खिशात!

भाच्याला म्हटलं, "तुझ्या गाडीला ब्रेक किती चाकांना?"

"मागच्या दोनच."

"मग ज्यानं गाडी बनवली त्यानं वेग आणि ब्रेक एकमेकांकडे बघून ठरवलेत. तू एकालाच वाढवणार." शिवाय त्यांच्याच देशात 1998 पासून, ताशी वीस मैलांच्या वर पळू शकणाऱ्या अशा गाडीला दिवे, आरसे, पट्टे, सगळं लागतं. तो म्हणाला, "मामा, तू फार घाबरतोस." मग मी त्याला 1978 सांगितलं. सगळं. तारेसकट आणि मेस्त्रींच्या खिशासकट. आयुष्यात पहिल्यांदाच.

पलीकडे शांतता. फोन स्पीकरवर आहे आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलेली ताई शेजारी बसली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मेल्या," फ्लोरिडाहून अस्सल मालवणी आली, "म्हणजे ता तू केलंस? आणि मी त्या मेस्त्रीक इतकी वर्सां गाळी घालतंय!"

मी काही बोललो नाही. यात मला सराव आहे. तेवढ्यात भाच्याचा आवाज आला, "मामा, पण नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते राहिलंच."