साच्याकडची बाजू

घरी कार्बन फायबरचा एखादा भाग बनवून घ्यायला येणारा माणूस आधी मजबुतीबद्दल विचारेल, असं तुम्हाला वाटेल. मला अजून तसा माणूस भेटलेला नाही. बाईकचं मडगार्ड असो, ड्रोनची फ्रेम असो की सायकलचा बाटली-स्टँड, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आरशासारखं होईल ना?’

होतं. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत, जेवणाच्या टेबलाइतक्या काचेवर सुद्धा होतं. म्हणून मला पडणारा प्रश्न ‘कसं’ याच्या पुढचा आहे. एखादी वस्तू निर्दोष दिसणं आणि ती निर्दोष असणं यांत अंतर पडू लागलं, की बनवणाऱ्याने कुठे थांबायचं?

आधी काम कसं चालतं ते सांगतो, कारण नीतीचा प्रश्न त्या कामाच्या आतच दडलेला आहे. कार्बन फायबर म्हणजे शेवटी कापड. बाजारात ज्याला ‘थ्री-के’ म्हणतात, त्याच्या एका पट्टीत ३००० तंतू असतात आणि एकेक तंतू साधारण ७ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. या पट्ट्या दोन वर, दोन खाली अशा विणल्या की ती तिरकी रेघांची ट्विल वीण तयार होते, जिच्यासाठी लोक पैसे मोजतात. काचेवर रिलीज वॅक्सचे हात द्यायचे, रेझिन लावायचं, कापड अंथरायचं, वरून व्हॅक्यूम बॅग लावून हवा खेचून घ्यायची. रेझिन कडक झालं की भाग उचकटायचा. काचेला टेकलेली बाजू काचेसारखी निघते. बॅगेकडची बाजू खरखरीत राहते.

म्हणजे चकाकी भागाला नंतर चढवलेली नसते. ती साच्याकडून आलेली असते. साच्यावर एक ओरखडा असेल, तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक भागावर तो उमटतो. मेहनत आधी करायची, आणि ती अशा वस्तूवर करायची जी गिऱ्हाईक कधी पाहणारही नाही.

इथे भाषा एक गंमत करते. गणपतीच्या कारखान्यात आणि माझ्या खोलीत ‘साचा’ म्हणजे मोल्ड. पण गिरणगावात ‘साचा’ म्हणजे माग. साचेखात्यात माणसं साचे चालवायची. हाच शब्द तिथे कापड विणायचा आणि इथे कापडाला आकार देतो. दोन्हीकडे नियम एकच: साच्यात जे चुकलं, ते पुढे कोणी दुरुस्त करू शकत नाही. वीण तिरकी गेली तर रेझिन ती सरळ करत नाही, उलट भिंगासारखी आणखी ठळक करून दाखवतं.

आता दुसरा रस्ता. आधीच तयार असलेल्या प्लास्टिकच्या किंवा फायबरग्लासच्या भागावर कार्बनच्या कापडाचा एकच थर चिकटवायचा, त्यावर रेझिनचे दोन-तीन हात द्यायचे आणि मग घासायचं. ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, ८००, १०००, १५००, २०००, शेवटी कंपाउंड. पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे हवा अडकून टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. ती पुन्हा रेझिनने भरायची. पावसाळ्यात काही हार्डनरांमुळे दमट हवेत वर तेलकट पापुद्रा धरतो. तो घासण्याआधी पाण्याने धुवायचा. घासताना मोरीत वाहणाऱ्या पाण्याकडे डोळा ठेवायचा. पाणी दुधाळ आहे तोवर तुम्ही रेझिन घासताय. काळं झालं, की तंतू कापायला लागलात.

ते काळं पाणी म्हणजे मला नैतिक सीमारेषाच वाटते. त्या क्षणापर्यंत तुम्ही वस्तूचं रूप सुधारत असता. त्यानंतर रूपासाठी वस्तूच खायला लागता.

याचं भयंकर उदाहरण जगाने पाहिलं आहे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ पाणबुडी अटलांटिक महासागरात पाण्याच्या दाबाने चिरडली आणि आतले पाचही जण मेले. तिचं नळकांडं कार्बन फायबरचं होतं, सुमारे ५ इंच जाड, पाच थरांत बनवलेलं. २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या जाहीर सुनावणीत तपासकांनी सांगितलं, की त्या थरांत सुरकुत्या आणि पोकळ्या सापडल्या, आणि थरावर आलेल्या सुरकुत्या घासून सपाट करून त्यावर पुढचा थर चढवला होता. एवढ्या एका कारणाने ती फुटली असं मी म्हणत नाही. त्या दुर्घटनेत बऱ्याच गोष्टी होत्या. पण सुरकुती ही तक्रार असते. आत काहीतरी नीट बसलेलं नाही, असं कापड सांगत असतं. ती घासून टाकली की पृष्ठभाग सपाट होतो, आणि ती तक्रार ऐकायची राहून जाते.

एवढ्या मोठ्या उदाहरणाने आपलं समाधान पटकन होतं. आपण काही पाणबुडी बनवत नाही! म्हणून एक छोटं उदाहरण.

सायकलवरून डिलिव्हरी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याने जुनी सायकल घेतली होती, पुढचा काटा कार्बनचा. काट्यावर बोटभर लांबीची भेग. त्याला त्यावर कार्बनचा एक थर आणि चकचकीत क्लिअर कोट हवा होता, म्हणजे सायकल विकता येईल. मी नाही म्हटलं. तो चिडला नाही. अगदी सरळ म्हणाला, ‘दादा, यात तुझं काय जातं?’

हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही, कारण त्याची बाजू खरी होती. त्याला फसवूनच ती सायकल विकली गेली होती. पैसे अडकले होते, आणि दुसरी सायकल आल्याशिवाय कमाई सुरू होणार नव्हती. प्रामाणिकपणाचा खर्च नेमका त्यानेच का सोसायचा? शिवाय मी स्वतः काय करतो? रोज भोकं भरतो, कडा लपवतो. गॅरेजमध्ये पत्र्याच्या खड्ड्यात लांबी भरून वर रंग मारतात, त्याला कोणी पाप म्हणत नाही. मग भेगेलाच वेगळा न्याय का?

जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८४९ साली वास्तुकलेवरच्या पुस्तकात याला जवळचा एक भेद केला होता. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा ही फसवणूक नाही, कारण ती भिंत अख्खी सोन्याची आहे असं कोणी समजत नाही. दागिन्यावर तोच मुलामा फसवणूक ठरतो, कारण तिथे बघणारा ते सोनंच समजतो. म्हणजे खोटेपणा थरात नसतो. बघणाऱ्याने त्या थरावरून काय गृहीत धरलं, यात असतो.

मी यातून माझ्यापुरती एक कसोटी काढली आहे: मी जे झाकलं ते समोरच्याला कळलं, तर त्याचा निर्णय बदलेल का? मडगार्डवरचं टाचणीएवढं भोक भरल्याचं सांगितलं तर कोणी मडगार्ड परत करणार नाही. आरशाच्या कव्हरवर कार्बनचा एकच थर आहे, आत प्लास्टिक आहे, हे सांगितलं तरी बहुतेक लोक हसून घेतात. न सांगता कार्बनच्या भावात विकलं, तर मात्र तो रस्किनचा दागिना. आणि काट्यातली भेग कळली, तर कोणीही शहाणा माणूस ती सायकल घेणार नाही.

कार्बनच्या बाबतीत ही कसोटी जास्त कडक लावावी लागते. लोखंड वाकतं, वाकून इशारा देतं. कार्बन बराच काळ काहीच दाखवत नाही आणि मग एकदम तुटतो. आत थर सुटले असले तरी वरून कळत नाही. नाण्याने ठोकून बघायचं, टणक आवाजाच्या जागी बद्द आवाज आला तर शंका घ्यायची. म्हणजे विकत घेणाऱ्याचे डोळे आधीच अधू असतात. एक भेग दिसत होती, तेवढाच त्याच्या हातातला पुरावा. त्यावर चकाकी चढवणं म्हणजे तो पुरावाही काढून घेणं.

आणि ती सायकल घेतली असती कोणी? नवी परवडत नाही, पण कामाला सायकल हवी, असा कोणीतरी. जवळजवळ तोच मुलगा, फक्त नाव वेगळं. झाकलेला दोष कधी वर चढत नाही. हात बदलत बदलत तो खाली उतरतो आणि ज्याला तपासता येत नाही त्याच्यापाशी थांबतो. त्या मुलावर अन्याय झाला होता हे खरंच. पण मी मागितलेलं काम केलं असतं, तर तो अन्याय मिटला नसता. पॉलिश होऊन पुढे गेला असता.

चकाकीचा आणखी एक हिशेब असतो, आणि तो विकत घेणाऱ्याशी नाही, शेजाऱ्यांशी असतो. कार्बनची धूळ अंगाला खाजते, नाकात जाते. दोन डब्यांच्या क्लिअर कोटमधल्या हार्डनरात आयसोसायनेट असतं, त्याच्या वाफांनी दमा जडू शकतो. चाळीत गॅलरी सगळ्यांची असते आणि हवाही. या भागातल्या कितीतरी घरांना फुप्फुसात गेलेल्या तंतूंची किंमत नव्याने सांगायला नको. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला वैद्यकात बिसिनोसिस असं स्वतंत्र नावच आहे. पांढरंशुभ्र, बिनडागाचं कापड बाहेर जायचं आणि खोकला चाळीत यायचा. म्हणून मी सुकं घासत नाही, मोरीतलं काळं पाणी फडक्यातून गाळतो, आणि फवारणी घरात किंवा गॅलरीत करत नाही. त्यासाठी हवा खेळती असलेला गाळा तासावर घेतो. भाग महाग पडतो. पडू दे. दुसऱ्याच्या फुप्फुसात दोष ठेवून काढलेल्या पृष्ठभागाला मी निर्दोष म्हणणार नाही.

मग चकाकीच सोडून द्यावी का? काही मित्र म्हणतात, खडबडीत ठेव, तेच खरं. मला ते पटत नाही. क्लिअर कोट उन्हापासून रेझिनला वाचवतो, नाहीतर ते पिवळं पडतं. आणि नीट केलेल्या साच्यातून निघालेला स्वच्छ भाग हातात घेण्यात जो आनंद आहे, तो खोटा नाही. उघड्या वस्तूत खोटेपणा करायला जागा कमी असते एवढंच. पण निष्काळजीपणालाही कोणी ‘नैसर्गिक’ म्हणून खपवू शकतं.

मी एकच गोष्ट पाळतो. माझ्या भागाची बॅगेकडची बाजू मी रंगवत नाही. तिथे किती थर आहेत, वीण कुठे जोडली, रेझिन कुठे साचलं, सगळं दिसतं. पुढची बाजू आरशासारखी करून देतो. त्यात तुम्ही स्वतःला बघा. पण विकत घेण्याआधी भाग उलटा करा. माझाच नाही, कोणाचाही. आणि मागची बाजू बघू द्यायला जो तयार नसेल, त्याच्या पुढच्या बाजूवर भाळू नका.