आरंभीची शिल्लक

यंत्र आणि मी यांचं कधीच जमलं नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. वीस वर्षं बँकेत कारकुनी करतोय आणि रोज आठ तास कॉम्प्युटरसमोर बसतो. पण आमचे संबंध मुरलेल्या जोडप्यासारखे आहेत. समोरासमोर बसायचं, बोलायचं मात्र कामापुरतंच. कॉम्प्युटरविषयी मी ठामपणे उच्चारू शकतो असं एकच वाक्य आहे : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." तेव्हा मुलींनी कॉम्प्युटर इंजिनियर व्हावं की नाही, त्यासाठी त्यांना जादा जागा ठेवाव्यात की नाही, असल्या प्रश्नात पडायचं मला काही कारण नव्हतं. पण माणूस रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरला, की कुठल्याही प्रश्नात पडू शकतो.

त्या रविवारी तळमजल्यावरच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं. त्यांच्या भाच्याला आय.आय.टी.त हवी ती शाखा मिळाली नव्हती.

"आणि त्याच्यापेक्षा खालच्या नंबराच्या मुलीला मिळाली! मुलींच्या जागा म्हणे! अहो, मार्क म्हणजे मार्क. त्यात मुलगा काय नि मुलगी काय? हा अन्याय नाही?"

मी मान डोलावली. काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाची मान समोरचा बोलायला लागला की आपोआप डोलते; त्यात डोक्याचा संबंध नसतो. शिवाय मुद्दा बिनतोड वाटला. "अन्यायच," मी म्हणालो. मागे वळून बघतो तो कन्या उभी. ती यंदा बारावीला आहे आणि त्याच परीक्षेची तयारी करतेय.

ती तेव्हा काही बोलली नाही. रात्री जेवताना शांतपणे म्हणाली, "बाबा, उद्या मला त्यातली एखादी जागा मिळाली, तर ती माझी असेल की कोणाची तरी ढापलेली?"

आमटीचा भुरका अर्ध्यावर राहिला. हिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "उद्या सांगतो." सर्व्हर डाऊन झाला की मी हेच करतो.

कारकुनाला तत्त्वज्ञान येत नाही, पण हिशोब येतो. रात्री कागद घेऊन बसलो. २०१६ साली आय.आय.टी.त प्रवेश घेणाऱ्यांत मुली होत्या शेकडा ८ च्या आसपास. म्हणजे शंभरांत आठ! एवढ्या जणी तर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत एका लोणच्याच्या बरणीभोवती असतात. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा सुरू झाल्या आणि त्यांचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं. पण या जागा असलेल्या जागांतून कापलेल्या नाहीत, वर वाढवलेल्या आहेत. म्हणजे कोणाच्या ताटातला घास काढलेला नाही. पंगतीत पानं वाढवली आहेत. आणि त्या पानावर बसायलाही तीच परीक्षा द्यावी लागते, गुणवत्ता यादीत यावंच लागतं.

तरी काकांचा प्रश्न उरतोच. खालच्या नंबराची मुलगी आत आणि वरच्या नंबराचा मुलगा बाहेर, हे डोळ्यांना दिसतं. त्या पोरानंही रात्री जागवल्या असतील. त्याचं दुःख खोटं नाही, आणि पंगतीच्या उपमेनं ते हलकं होईल असंही नाही.

इथे मला आमच्या सोसायटीचा हिशोब आठवला. मी सोसायटीचा खजिनदार आहे. कॉमर्सच्या माणसाला ही जन्मठेप चुकत नाही. पहिल्याच वर्षी माझा हिशोब जुळेना. फरकाला नवानं भागून पाहिलं. आकडे उलटसुलट लिहिले गेले असले, की फरकाला नवानं भाग जातो. तो जात नव्हता. तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं, मी वर्षाची आरंभीची शिल्लकच मांडली नव्हती. एकूण एक नोंद बरोबर, बेरीज बरोबर, आणि हिशोब मात्र साफ चूक!

काकांचं तसंच झालं होतं. परीक्षेच्या दिवसाच्या सगळ्या नोंदी बरोबर होत्या. त्याच्या आधीची शिल्लक कुठे होती?

ती शोधायला मी वाचायला लागलो, तो थेट अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचलो. 'कॉम्प्युटर' हे मुळात यंत्राचं नाव नव्हेच. तो माणसाचा हुद्दा होता, आमच्या कारकुनासारखा. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्याचा मार्ग आकडेमोड करून काढणाऱ्या मुलींना तिथे कॉम्प्युटर म्हणत. त्यांच्यातल्याच सहाजणींना 'एनिॲक' नावाच्या अगडबंब यंत्राकडून काम करून घ्यायला बसवलं. वजन सुमारे ३० टन, आत १८,००० च्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब, आणि हे चालवायचं कसं याचं पुस्तक नाही! नकाशे वाचून, तारा जोडून त्यांनी ते केलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र जगाला दाखवलं, मोठी मेजवानी झाली. सहाजणींना आमंत्रण नव्हतं. पुढे चाळीसएक वर्षांनी एका विद्यार्थिनीनं जुन्या फोटोतल्या या बायका कोण म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, त्या मॉडेल असतील. जाहिरातीत फ्रिजशेजारी उभ्या असतात तशा!

तरीही १९८४ च्या सुमारास अमेरिकेत कॉम्प्युटरशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के स्त्रिया होत्या. पुढे तो आकडा घसरत १८ च्या आसपास आला. मुलींची बुद्धी आटली म्हणावं, तर त्याच काळात डॉक्टर आणि वकील होणाऱ्या मुली वाढतच होत्या. मग झालं काय? घरोघरी कॉम्प्युटर आला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं, तेव्हा पुष्कळ घरांत तो मुलाच्या खोलीत ठेवलेला निघाला. मुलगा त्याच्याशी खेळून तयार होऊन यायचा आणि मुलगी कोरी पाटी घेऊन. वर्गात बसल्यावर तिला वाटायचं, आपल्यालाच काही येत नाही. विद्यापीठानं प्रवेशाच्या वेळी 'आधी किती येतं' याचं वजन कमी केलं, नवख्यांना वेगळी सुरुवात करून दिली. १९९५ साली ७ टक्के असलेल्या मुली २००० साली ४२ टक्के झाल्या. आरंभीची शिल्लक तेवढी हिशोबात धरली गेली होती.

इथवर वाचून मी समाधानानं चष्मा काढला. अमेरिकेतल्या बापांना चार शब्द सुनवावेत असं वाटू लागलं. तेवढ्यात सहज खिडकीकडे नजर गेली.

आमचा कॉम्प्युटर चिरंजीवांच्या टेबलावर होता.

२०२० साली शाळा घरात आल्या, तेव्हा मी तो जुना बघून विकत घेतला. कन्या सातवीत, चिरंजीव तिसरीत. गरज जास्त तिला. तरी तो गेला त्याच्या टेबलावर. कोणी ठरवलं? कोणीच नाही. "तिला सारखं उठावं लागतं," असं काहीतरी आम्ही म्हणालो असू. आणि सारखं उठावं का लागतं? कुकर बंद कर, बेल वाजली बघ, चहा टाक. रोजचा अर्धाच तास धरला तरी पाच वर्षांचे नऊशे तासांच्या वर होतात. बँकेत इतक्या तासांचा ओव्हरटाइम थकला असता, तर आम्ही दारात घोषणा दिल्या असत्या. या व्हाउचरवर कोणाचीच सही नव्हती. रक्कम मात्र तिच्या खात्यातून गेली होती. आणि घरात तिचं वाईट चिंतणारं कोणीसुद्धा नव्हतं!

सकाळी मी कन्येला म्हणालो, "जागा मिळाली तर ती तुझीच. परीक्षा तू देणार, रात्री तू जागणार. मागची शिल्लक मांडायची राहिली होती, ती चूक आमची."

"आणि काकांचा भाचा?"

"त्याच्याबद्दल वाईट वाटू दे. वाटायलाच हवं. पण वाईट वाटणं आणि देणं लागणं, ही दोन वेगळी खाती आहेत."

तिनं मान डोलावली. तिच्या मान डोलावण्यात डोक्याचा संबंध असतो.

मग मी कॉम्प्युटर उचलून तिच्या टेबलावर ठेवला. चिरंजीव उसळले, "हा अन्याय आहे!" सूर हुबेहूब तळमजल्याचा.

"अरे, तुझं काही काढून घेतलेलं नाही. तूही बस की, तिचं झाल्यावर."

"पण ताई तिथे बसली, तर चहा कोण टाकणार?"

मुद्दा पुन्हा बिनतोड होता. मी उठलो. पातेलं कुठे असतं इथपासून सुरुवात होती. आलं हाताबाहेर पडलं, साखर पडलीच नाही, आणि अर्धा चहा शेगडीनं प्यायला. या क्षेत्रातली माझी आरंभीची शिल्लक शून्य होती. हिनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अहो, उद्याही तुम्हीच टाका. येईल सवयीनं."

मार्क म्हणजे मार्क म्हणून मला स्वयंपाकघराबाहेर काढावं, असं घरात कोणालाही सुचलं नाही.