उरलेली पाच

घरी एकटीने पाळणाघर चालवणाऱ्या बाईला तुमची सर्वांत मोठी काळजी कोणती असं विचारलं, तर ती पडण्या-झडण्याचं नाव क्वचितच घेते. खरचटणं, चावणं, अचानक ताप चढणं हे तिच्या रोजच्या कामात मोडतं आणि ते निभावण्याइतकी ती मुरलेली असते. तिला छळणारा प्रश्न वेगळा असतो. सहा मुलांपैकी एकाला घेऊन दवाखान्यात धावायची वेळ आली, तर उरलेली पाच कुणाकडे द्यायची?

तिच्या कामातली खरी अडचण या प्रश्नात आहे. आणि तो तिने एकटीने सोडवावा, ही आपली अपेक्षा मला चुकीची वाटते.

डोंबिवलीत, बदलापुरात, विरारला, चिंचवडला मध्यमवर्गीय वस्तीत असं एखादं घर असतंच. दाराबाहेर इवल्याशा चपला, ग्रिलवर वाळत घातलेली दुपटी. सकाळी आईवडील मूल सोडतात आणि गाडी गाठायला पळतात. संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत त्या दोन खोल्यांत मोठं माणूस एकच असतं. मुलं तिला मावशी नाहीतर काकू म्हणतात. भरवायचं तिने, धुवायचं तिने, झोपवायचंही तिनेच. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय मालकाने करावी असं ठरलं. चांगलंच झालं. पण शहरात किती आया अशा ठिकाणी काम करतात? बाकीच्यांच्या नोकऱ्या या मावशींच्या जिवावर चालतात, आणि मावशींच्या मदतीला कुणी असावं असं त्या कायद्यात कुठे नाही.

साधं भाजण्याचं घ्या. दुपारचं दूध तापवून ओट्याच्या कडेला ठेवलेलं असतं. दोन वर्षांचं मूल टाचा उंचावून हात घालतं आणि पातेलं दंडावर येतं. यावर काय करायचं ते आज पक्कं ठाऊक आहे. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा आणि पुरती वीस मिनिटं धरून ठेवायचा. बर्फ लावायचा नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही, शाई नाही. कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही. मनगटात बांगडी किंवा मनगटी असेल तर सूज यायच्या आत उतरवायची. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं तांब्याने ओतत राहायचं.

वीस मिनिटं किती लांब असतात, ते मोरीत किंचाळणारं मूल कडेवर घेऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मूल हात ओढून घेतं, पाठ ताठ करतं, आईचा धावा करतं. भाजलेला हात गार करायचा, पण बाकीचं अंग गारठू द्यायचं नाही, म्हणून एका हाताने त्याला दुपट्यात लपेटून धरावं लागतं. आणि बाहेरच्या खोलीत पाच जण आहेत. त्यातलं एक या रडण्याला घाबरून रडतं आहे, एक सांडलेल्या गरम दुधाकडे निघालं आहे, रांगणारं बाळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं आहे. चार-पाच मिनिटांत ती नळ बंद करते, कारण तिला करावाच लागतो. उपाय तिला ठाऊक होता. तो तडीस न्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं.

घास अडकतो तेव्हा तर चार मिनिटंही हाताशी नसतात. जेवताना ठसका लागला की आपण सगळे ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हणतो. जोरात खोकणाऱ्या मुलाला खोकू द्यावं, त्याची हवा चालू आहे. खरा धोका आवाज न करणाऱ्या मुलाचा. शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी, अख्खं द्राक्ष श्वासनलिकेच्या तोंडाशी बसलं की मूल रडत नाही, हाकही मारत नाही. तोंड उघडं राहतं, डोळे विस्फारतात, ओठ निळसर होऊ लागतात. सहा मुलांच्या गोंगाटात हे शांत झालेलं मूल पाठमोऱ्या बाईला ऐकू येणार नाही. म्हणून जेवताना तिने मुलांसमोर बसायचं, त्या वेळात ओट्याचं काम नाही आणि फोनही नाही. मला हा नियम सगळ्या औषधपेट्यांहून मोठा वाटतो.

अडकलंच, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच थपडा मारायच्या. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यायचे, आणि घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहायचं. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थपडा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच हिसके. दिसत नसलेला घास काढायला तोंडात बोट घालू नये, तो आणखी आत सरकतो. मूल शुद्ध हरपून सैल पडलं तर जमिनीवर ठेवून छातीवर दाब देणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करायचं, आणि फोन स्पीकरवर टाकून 108 किंवा 112 लावायचा. हे वाचून हाताला येत नाही. बाहुलीवर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, परत परत करावं लागतं. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि दर तीन वर्षांनी ते पुन्हा घ्यावं लागतं. आठ वर्षांखालची सहाच मुलं एका वेळी ठेवता येतात, आणि एक वर्षाच्या आतलं बाळ सहसा एकच. या आकड्यांमागचा विचार सरळ आहे. एका माणसाच्या दोन हातांत संकटकाळी किती मुलं मावतील, हे आधी मोजलेलं बरं. आपल्याकडे हा आकडा बहुतेक वेळा खोलीच्या मापावर आणि त्या घराच्या गरजेवर ठरतो. आईवडिलांनीही तो कधी विचारलेला नसतो. फी किती, एवढंच विचारलेलं असतं.

संकट आलं की हात आधी जातो तो आईला फोन करायला. ते स्वाभाविक आहे, पण क्रम म्हणून चुकीचं आहे. आई त्या वेळी कुर्ल्याच्या पुढे गर्दीत उभी असते. तिला यायला तास-सव्वा तास लागणार. ती घाबरून प्रश्न विचारत राहते आणि उत्तरं देण्यात मुलाच्या हक्काची मिनिटं जातात. मुलाला हात आधी लावायचा, मग शेजाऱ्याला हाक, मग रुग्णवाहिका, मग आईला फोन. मूल सोपवतानाच हा क्रम आईवडिलांना सांगून ठेवला पाहिजे, आणि त्यांनी तो मनापासून मान्य केला पाहिजे. त्याच दिवशी दोघांच्या सहीचं एक पत्रही घ्यावं: आम्ही पोचेपर्यंत आमच्या मुलावर तातडीचे उपचार करायला आमची संमती आहे. बाळाला कशाची ॲलर्जी आहे, तापात आकडी आली होती का, वजन किती, नेहमीचे डॉक्टर कोण, हे त्याच कागदावर. ‘आईवडील कुठे आहेत, त्यांची सही कुठे आहे’ असं विचारून कुणी अडवू लागलं, तर ठाऊक असावं की परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच निकाल दिला आहे. डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्याचे उपचार त्याने आधी करायचे, कागदोपत्री सोपस्कार नंतर.

आता ती गोष्ट, जिच्याविषयी कुणी बोलत नाही. त्या घरातलं एकमेव मोठं माणूसच कोसळलं तर?

ही बाई बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या पुढची. कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब. मुलांना भरवण्याच्या नादात स्वतःचं जेवण तीनला, कधी चारला. साखर उतरून चक्कर येणं हे तिच्या बाबतीत अगदी शक्य कोटीतलं आहे. मुलं पळून जिन्यात जाऊ नयेत म्हणून तिने दाराची वरची कडी लावलेली असते, आणि ती योग्यच. पण ती जमिनीवर पडली, की तीच कडी मदतीला बाहेर ठेवते. चार वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोचत नाही आणि बाहेरच्याला दार फोडावं लागतं. याला उपाय स्वस्त आहे. दिवसा वरच्या कडीऐवजी बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच वापरायचं, त्याची एक किल्ली शेजारी ठेवायची, आणि मुलं लॅचपर्यंत जाऊ नयेत म्हणून दाराच्या आत लाकडी फळीचं छोटं फाटक बसवून घ्यायचं. जी मुलं बोलू शकतात त्यांना खेळाखेळात शिकवायचं: मावशी हाक मारून उठली नाही, तर दारापाशी जाऊन समोरच्या आजींना मोठ्याने हाका मारायच्या. मुलं हे चटकन शिकतात. आणि समोरच्या आजींनी दुपारी एकदा फोन करायचा किंवा बेल वाजवायची. उत्तर आलं नाही तर किल्ली आहेच.

आईवडिलांशी एक बोलायचं आहे. संध्याकाळी मूल नेताना कपाळावर टेंगूळ दिसलं की आवाज चढतो. पोटचं लेकरू आहे, चढणारच. 2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीची सीसीटीव्हीतली दृश्यं सगळ्यांनी पाहिली, तेव्हापासून मनात धास्तीही आहे आणि ती निराधार नाही. अत्याचार आणि अपघात यांतला फरक मात्र आपण शांतपणे करायला हवा. टेंगळासाठी जिची खरडपट्टी काढली, ती पुढच्या वेळी ‘काही नाही झालं’ म्हणेल. डोक्याला लागलेल्या माराची लक्षणं काही वेळा तासांनी दिसतात. उलट्या होतात, मूल गुंगीत जातं, अवेळी झोपतं आणि उठवलं तरी नीट उठत नाही, किंवा नेहमीसारखं ओळखत-हसत नाही. ही लक्षणं रात्री तुमच्या घरी दिसणार. दुपारी मूल पलंगावरून पडलं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, तर तुम्ही ‘दमलंय आज’ म्हणून पांघरूण घालाल. तिने खरं सांगणं तुमच्या मुलाच्या हिताचं आहे. ते सांगायला तिला भीती वाटणार नाही, असं वागणं तुमच्या हातात आहे. रोज मूल नेताना ‘आज काही पडलं-लागलं का?’ एवढं आपणहून विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या.

26 जुलै 2005 चा तो मंगळवार मुंबई-ठाण्याकडच्या माणसांना विसरणं शक्य नाही. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या, फोन लागेनासे झाले. माणसं रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत होती. त्या रात्री कितीतरी मुलं पाळणाघरातच झोपली. वीज गेलेल्या घरात कुठल्याशा मावशीने मेणबत्ती लावून खिचडी टाकली असेल, दुधाची पावडर पाण्यात कालवली असेल, ‘आई येतेय हं’ म्हणत रात्र काढली असेल. त्या बायकांची नोंद कुठल्या अहवालात नाही. पण त्या रात्री इमारतीतली दारं उघडली होती हे अनेकांना आठवतं. वरच्या मजल्यावरून कुणी पोळ्या आणल्या, कुणी कोरडे कपडे, कुणी दोन मुलं आपल्या घरी झोपायला नेली. संकट सगळ्यांवर आलं तेव्हा तिला दुसरे हात मिळाले. एरवीच्या साध्या बुधवारी दुपारी दोन वाजता, जेव्हा संकट फक्त तिच्या दोन खोल्यांत असतं, तेव्हा ते मिळत नाहीत. कारण कुणाला कळतच नाही, आणि हाक कुणाला मारायची हे तिचं ठरलेलं नसतं.

तिला शिकवा, प्रमाणपत्र द्या, तपासणी करा. सगळं व्हायला हवं आणि सरकारने ते करायलाच हवं. तरीही वीस मिनिटं नळाखाली हात धरून उभ्या असलेल्या बाईची पाच मुलं सांभाळायला कुठला निरीक्षक धावून येणार नाही. ते तिच्या जिन्यातलंच कुणी करू शकेल. निवृत्त झालेले काका, घरून काम करणारी सून, दुपारी मोकळ्या असलेल्या आजी.

तुमच्या इमारतीत असं एखादं पाळणाघर असेल, तर या आठवड्यात तिच्याकडे जा. दुपारी बारा ते पाच तुमच्या घरी कोण असतं ते तिला सांगा. तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये पहिला घाला आणि एकदा लावून बघायला सांगा. तिच्या दाराची किल्ली मागून घ्या, मुलांची नावं विचारून घ्या आणि अधूनमधून तिथे दहा मिनिटं बसत जा, म्हणजे वेळ आली तर ती पाच मुलं तुमच्याकडे अनोळखी म्हणून बघणार नाहीत.