मन लागत नसतानाही

प्रार्थनेत मन लागत नसेल तर ती करायची तरी कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. पण लिझ्यूच्या संत तेरेजाचं चरित्र पाहा. १८८८ साली, पंधराव्या वर्षी ती फ्रान्समधल्या कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. ध्यानाच्या वेळी डुलकी लागते, जपमाळ ओढताना चित्त भरकटतं, हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय. संध्याकाळच्या ध्यानाला तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत बारीकसा आवाज करायची. तेरेजाला अक्षरशः घाम फुटायचा. वळून एक कटाक्ष टाकला असता की काम झालं असतं! तिने तो टाकला नाही. तो आवाजच संगीत समजून ऐकायचा आणि तेच देवाला अर्पण करायचं, असं तिने ठरवलं.

मनाविना केलेली प्रार्थना म्हणजे ढोंग, असं कोणी म्हणेल. पण ढोंगाला बघणारा कोणीतरी हवा असतो. इथे तर मागे बसलेल्या भगिनीलाही काही कळलं नाही. शिवाय रोजच्या प्रार्थनेने माणूस बदलतो का, याचं उत्तर त्या न टाकलेल्या कटाक्षात आहे. याच संतेचं नाव घेतलेल्या मदर तेरेसांचीही अनेक वर्षं कोरडी गेली, तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही. तेव्हा आज मन लागलं नाही, तरी प्रार्थनेला बसा.